धर्मग्रामाच्या जुन्या वह्या आणि आपले पूर्वज

(महोत्सवानिमित्त शहागंज येथें झालेल्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें हें योग्यच आहे. परंतु नांवानिशीं कोणाचें स्मरण करावयाचें, असें कोणीं विचारलें तर आपल्यापैकीं बहुतेकांची गति आजोबांपाशीं, फार झालें तर पणजोबांपाशीं खुंटते. आणि पणजीचें माहेरचें नांव विचारावें तर घरांतील वडील मंडळीहि एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. आज ह्या सभेपुढें आम्ही जो विषय मांडणार आहों तो एवढाच, कीं हीं नांवें अगदींच लोपलेलीं नाहींत. तीं कोठें आहेत, तीं कशीं वाचावीं, आणि तीं जेथें आहेत ती जागा किती नाजूक आहे, ह्याविषयीं कांहीं सांगावें असा विचार आहे.

प्रथम हें पाहूं कीं आपल्या देशांत नांवें टिकलीं तीं कोणाचीं. ज्यांच्या घराण्यांत देशमुखी, पाटिलकी किंवा कुलकर्ण होतें त्यांच्या वंशावळी वतनाच्या तंट्यांमुळेंच लिहिल्या गेल्या. जे यात्रेस त्र्यंबकेश्वरीं गेले त्यांचीं नांवें तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत उतरलीं, व आजहि त्यांचे वंशज तीं जाऊन पाहतात. दक्षिण महाराष्ट्रांत हेळवी लोक दारोदार येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवीत. आपल्या मराठवाड्यांतील कॅथोलिक समाजाचा मोठा भाग मात्र गंगापूर, वैजापूर ह्यांसारख्या तालुक्यांतील खेड्यांत मोलमजुरी करणाऱ्या, गांवकुसाबाहेर राहणाऱ्या कुटुंबांतून आलेला. अशा कुटुंबाची वंशावळ लिहून ठेवण्याची गरज कोणालाहि भासली नव्हती.

मग खानेसुमारीचें काय, असें आपण म्हणाल. निजामाच्या राज्यांत पहिली खानेसुमारी १८८१ सालीं झाली आणि त्यानंतर दर दहा वर्षांनीं होत राहिली. गणना करणारा घरोघर गेला, माणसें मोजलीं, धर्म विचारला, जात विचारली, वय विचारलें. परंतु बेरजा पुऱ्या झाल्यावर ते मूळ कागद ठेवण्याचें प्रयोजन सरकारास उरलें नाहीं व ते नष्ट करण्यांत आले. मागें राहिले ते छापील अहवाल. औरंगाबाद जिल्ह्याचें गॅझेटियर १८८४ सालीं निघालें, तें आम्हीं मोठ्या आशेनें चाळलें. त्यांत तालुके आहेत, नद्या आहेत, पिकें आहेत, जातवार आंकडे आहेत. एका मजुराचें नांव म्हणाल तर नाहीं. आणि पुढें १९४८ सालीं जो खानेसुमारीचा कायदा झाला त्याच्या १५ व्या कलमानें तर गणनेचे कागद कोणास पाहूं देण्याची किंवा न्यायालयांत पुरावा म्हणून आणण्याचीहि मनाई केली आहे. तात्पर्य, सरकारनें आपले पूर्वज मोजले, पण त्यांचीं नांवें ठेविलीं नाहींत.

सर्वच देशांत असें झालें असें नाहीं. युरोपाच्या उत्तरेस नॉर्वे हा डोंगराळ, तुटपुंज्या शेतीचा देश आहे. तेथून १८२५ सालच्या ४ जुलै रोजीं स्टाव्हांगर बंदरांतून एक लहानसें गलबत पन्नासांहून थोड्या अधिक माणसांस घेऊन निघालें व ९ ऑक्टोबर रोजीं न्यूयॉर्कास लागलें. त्यांच्या मागोमाग पुढील शंभर वर्षांत सुमारें आठ लाख नॉर्वेकर अमेरिकेस गेले. आज त्यांचे पणतू-खापरपणतू आपलें मूळ गांव शोधूं लागले म्हणजे त्यांना दोन आधार मिळतात. एक तेथील चर्चच्या वह्या आणि दुसरा खानेसुमारी. कारण त्या देशानें १८०१ सालची, आणि पुढें १८६५, १८७५, १८९१, १९०० व १९१० सालची गणना नांवानिशीं जपून ठेविली आहे. शंभर वर्षांची गुप्ततेची मुदत संपतांच १९२० सालची गणनाहि २०२० सालच्या डिसेंबरांत सर्वांस खुली झाली. घरीं बसून संगणकावर त्या पाहतां येतात.

ह्या नॉर्वेकरांची एक गोष्ट मराठी माणसास ओळखीची वाटेल. त्यांच्यांत पूर्वीं कायमचें आडनांव नसे. ओले ह्याचा मुलगा तो ओल्सेन, मुलगी ती ओल्सदातर. म्हणजे आपण नांवापुढें वडिलांचें नांव लावतों तसेंच. त्यापुढें ज्या शेतावर राहावयाचें त्या शेताचें नांव जोडीत. आपल्याकडे गांवाच्या नांवास ‘कर’ जोडतात त्याच जातीचें हें. शेत बदललें कीं नांवहि बदले. १९२३ सालीं कायदा होऊन प्रत्येक घराण्यास एकच आडनांव ठरवून घ्यावें लागलें, तोंवर असाच कारभार चालला होता. त्यामुळें अमेरिकेंतील वंशजास नुसतें आडनांव ठाऊक असून भागत नाहीं. गांव व बापाचें नांव हीं दोन्ही जमल्याखेरीज माणूस सांपडत नाहीं. आमच्या मतें हा नियम आपल्यालाहि तंतोतंत लागू आहे. त्रिभुवन, बोर्डे, साळवे हीं आडनांवें शेंकडों घरांचीं आहेत. ‘अमुक गांवचा अमक्याचा मुलगा’ एवढें कळलें कीं मगच शोध सुरू होतो.

दुसरें उदाहरण आयर्लंडचें, आणि तें आपल्यास अधिक जवळचें. तेथील १८६१ पासून १८९१ पर्यंतच्या चारहि खानेसुमाऱ्यांचे कागद सरकारनेंच नष्ट केले; त्यापूर्वींच्या बहुतेक सर्व १९२२ सालीं डब्लिनच्या दफ्तरखान्यास लागलेल्या आगींत जळाल्या. त्याच आगींत, सुरक्षित राहाव्यात म्हणून सरकारजमा केलेल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या कित्येक वह्याहि भस्म झाल्या. कॅथोलिक वह्या तेवढ्या आपापल्या गरीब धर्मग्रामांतील कपाटांत होत्या म्हणून वांचल्या. त्यांचीं छायाचित्रें २०१५ सालीं तेथील राष्ट्रीय ग्रंथालयानें सर्वांस विनामूल्य पाहण्यास ठेविलीं. आज जगभर पसरलेले आयरिश लोक आपलें कूळ शोधतात तें मुख्यतः ह्या वह्यांवरून. खानेसुमारीचे कागद गमावलेल्या समाजास धर्मग्रामाची वही केवढा आधार देते, हें ह्यावरून दिसेल. आणि आपणहि त्याच समाजांपैकीं आहों.

सरकार माणसाचें नांव कधींच जपून ठेवीत नाहीं असें नव्हे. करार असला कीं ठेवतें. मॉरिशस बेटांत १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर जे सुमारें साडेचार लाख हिंदी मजूर गेले, त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी लोकहि होते. प्रत्येकास क्रमांक दिला गेला. नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव व जिल्हा हीं वहींत लिहिलीं गेलीं, आणि पुढें पुढें छायाचित्रहि घेतलें गेलें. त्या वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत आहेत व तेथील मराठी कुटुंबें त्यांवरून कोंकणांतील आपलीं गांवें हुडकीत येतात. मळेवाल्यास मजूर पळून गेल्यास ओळखतां यावा म्हणून ज्या नोंदी झाल्या, त्याच आज नातवंडांच्या उपयोगी पडत आहेत!

आपल्या मराठवाड्यांत तर जुन्या नोंदींची किंमत आतां खेड्यापाड्यांतहि कळली आहे. २०२३ सालीं राज्य सरकारनें न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि निजामाच्या काळांतील महसुली, शालेय व इतर नोंदी, कांहीं उर्दूंत, कांहीं मोडींत, तपासण्यास आरंभ झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणांत आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. परंतु पिढ्यान् पिढ्या कोणी न उघडलेलीं दफ्तरें माणसें रांगा लावून उघडूं लागलीं, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. अशा कागदांवर फसली सन असतो हें लक्षांत ठेवावें. त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो, आणि जानेवारीपुढील महिना असेल तर ५९१.

आतां आपल्या वह्यांकडे वळूं. ह्या वह्या ठेवण्याची शिस्त ख्रिस्तसभेंत फार जुनी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असें ठरविलें कीं, धर्मगुरूनें विवाहाची वही ठेवावी, तींत वधूवर व साक्षीदार ह्यांचीं नांवें, तिथि व स्थळ लिहावें. तसेंच बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांचीं नांवेंहि नोंदावीं. पुढें १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें पांच वह्यांचे नमुने घालून दिले: बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु, आणि पांचवी ‘स्तातुस आनिमारुम’, म्हणजे आत्म्यांच्या स्थितीची वही. ही पांचवी वही म्हणजे धर्मग्रामाची स्वतःची खानेसुमारीच होय. धर्मगुरूनें घरोघर जाऊन कुटुंबांतील प्रत्येक माणसाचें नांव, वय, नातें, आणि त्यानें कोणकोणते संस्कार घेतले आहेत हें त्यांत लिहावयाचें. १९१७ च्या धर्मकायद्याच्या ४७० व्या कलमांत ह्या पांचहि वह्यांची आज्ञा आहे. पांचवीविषयीं ‘शक्य तितकें करावें’ अशी सवलत दिली आहे, आणि त्या सवलतीचा लाभ घेण्याचा मोह कामाच्या ओझ्याखालीं वांकलेल्या मिशनऱ्यास पडणें अगदीं स्वाभाविक होतें. ज्या ठाण्यांत ही वही नेमानें ठेविली गेली असेल तेथें एका पानावर सबंध घर सांपडतें, सासू-सासरे, दीर-जावा, पोरकीं मुलें, सर्व.

परंतु शोधकास सर्वांत उपयोगी अशी व्यवस्था ह्याहून अलीकडची आहे. पोप दहावे पायस ह्यांनीं १९०७ सालीं काढलेला व १९०८ च्या ईस्टरपासून अमलांत आलेला विवाहविषयक हुकूम असा आहे कीं, कोणाचाहि विवाह झाला म्हणजे त्याची नोंद ज्या धर्मग्रामांत त्याचा बाप्तिस्मा झाला तेथील बाप्तिस्म्याच्या वहींतहि करावी. ही नोंद समासांत होते. ह्याचा अर्थ काय तो पाहा. समजा, गंगापूर तालुक्यांतील एका मुलाचा बाप्तिस्मा खेड्यांत झाला आणि तो पुढें रेल्वेच्या कामावर मनमाडास किंवा इगतपुरीस जाऊन तेथें लग्न करून राहिला. गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाल्यापासून अशीं किती कुटुंबें त्या रुळांवरून गेलीं असतील! गांवाकडे त्याचें नांव विसरलें गेलें तरी खेड्यांतील वहीच्या समासांत त्याचें लग्न कोठें, केव्हां व कोणाशीं झालें हें लिहून आलेलें असतें. तेथून त्या गांवची विवाहाची वही, तेथून मुलांचे बाप्तिस्मे. समास हा जणुं ह्या वह्यांमधील टपालखातें आहे. म्हणून आमचें सर्वांस सांगणें आहे कीं नुसती नोंद वाचूं नका, समास वाचा.

आपल्या भागांतील वह्या कोणीं लिहिल्या? फ्रान्सालियन ह्या नांवानें आपण ओळखतों तो धर्मसंघ फादर मेर्मिए ह्यांनीं १८३८ सालीं सावोय प्रांतांत, अॅनसी येथें स्थापिला. त्यांचे पहिले धर्मगुरु १८४५ सालीं हिंदुस्थानांत उतरले. त्यांच्याच श्रमांतून पुढें १८८७ सालीं नागपूरची धर्मसत्ता उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ह्या संघाचे लोक घोगरगांवाकडे आले, आणि फादर गुरियन जाकिए ह्यांचें नांव त्या बाजूच्या वृद्धांच्या तोंडीं अजूनहि आहे. ते सर्व स्वतःच देशान्तर केलेले लोक. त्यांच्या जन्मकाळीं सावोय नुकताच फ्रान्सांत सामील झालेला. तो बदल १८६० सालचा. त्यांच्या घराण्यांच्या नोंदी आजहि अॅनसीच्या सरकारी दफ्तरखान्यांत पाहतां येतात. त्यांनीं आपल्या आजोबा-पणजोबांचीं नांवें कशीं लिहिलीं हें कळण्यास त्यांचा कान फ्रेंच होता ही गोष्ट विसरतां कामा नये.

उदाहरणार्थ, ‘श’ हा उच्चार फ्रेंच माणूस सी आणि एच ह्या अक्षरांनीं लिहितो. इंग्रजी शिकलेला नातू तेंच वाचूं गेला तर शंकराचा ‘चंकर’ होईल व तो म्हणेल, आमच्यांत असें नांवच नाहीं. ‘उ’साठीं तो ओ व यू हीं दोन अक्षरें लिहील. वसई-गोव्याकडील पोर्तुगीज वळणाच्या लेखकानें तेंच ‘श’ एक्स ह्या अक्षरानें लिहिलें असतें. तेव्हां नांव डोळ्यांनीं न वाचतां मोठ्यानें उच्चारून पाहावें. कित्येकदां कानास जें कळतें तें डोळ्यांस कळत नाहीं. भाषा लॅटिन असली तरी घाबरण्याचें कारण नाहीं. वीस-पंचवीस शब्दांत काम भागतें. ‘नातुस’ म्हणजे जन्मला, ‘फिलियुस’ मुलगा, ‘फिलिया’ मुलगी, ‘कोन्युजेस’ पतिपत्नी, ‘पात्रिनुस’ धर्मपिता, ‘सेपुल्तुस’ पुरला, ‘इग्नोतुस’ अज्ञात. एक खांचखळगा मात्र ठळकपणें सांगतों. जुन्या लेखकांस महिन्याचें नांव आंकड्यानें लिहिण्याची खोड असे: ७ हा आंकडा व त्यापुढें ‘ब्रिस’. तो महिना जुलै नव्हे, सप्टेंबर होय, कारण लॅटिनमध्यें ‘सेप्तेम’ म्हणजे सात. त्याचप्रमाणें ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर व १० म्हणजे डिसेंबर.

वयावर फार विसंबूं नये. प्रौढपणीं बाप्तिस्मा घेणाऱ्याचें वय अदमासानें लिहिलें जाई. खानेसुमारीच्या अधिकाऱ्यांचीहि हीच तक्रार असे कीं लोक वय सांगतात तें वीस, तीस, चाळीस असें गोळाबेरीज. ‘इग्नोतुस’ हा शब्द मायबापांच्या जागीं दिसला तर सन पाहावा. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मायबाप गमावलेलीं मुलें मिशनांच्या आश्रयास आलीं, त्यांच्या बाबतींत शोध बहुधा तेथेंच थांबतो. अशा नोंदीपाशीं आम्हीं पुष्कळ वेळ बसून राहिलों आहों.

स्त्रियांच्या नांवांविषयीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे, कारण घराण्याचा अर्धा भाग तोच असून तोच सर्वांत आधीं हरवतो. आपल्या आजीचीं नांवें मोजा. जन्मल्यावर ठेविलेलें एक, बाप्तिस्म्याचें दुसरें, लग्नांत सासरच्यांनीं ठेविलेलें तिसरें, आणि घरांत हांक मारण्याचें चौथें. शिवाय लग्नानंतर बापाच्या नांवाच्या जागीं नवऱ्याचें आलें व आडनांवहि गेलें. नॉर्वेंतील बाई लग्न झालें तरी जन्मभर बापाची ‘दातर’ राही, म्हणून तिचा माग लागतो. आपल्याकडे तो माग लागण्याची जागा एकच, बाप्तिस्म्याची वही. कारण तेथें ती अजून कोणाची पत्नी नाहीं, अमक्याची लेक आहे. ती प्रौढपणीं नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेऊन आली असेल तर निदान विवाहाच्या वहींत माहेरचें गांव पाहावें. तेहि नसेल तर मुलांचे धर्ममातापिते कोण होते तें पाहावें. एकाच आडनांवाचे लोक वारंवार धर्मपिता म्हणून उभे राहिले असतील तर तो बहुधा मामा असावा, असा कयास करण्यास हरकत नाहीं. कयास तो कयासच. त्याखालीं रेघ ओढून ठेवावी.

ज्या शहागंजांत आपण आज जमलों आहों तेथील माणसाचा शोध खेड्यांतील माणसाहून थोडा निराळा आहे. हें शहरच मुळीं परदेशांतून आलेल्या माणसानें वसविलें. हबसाणांतून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढें निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला व त्यानें १६१० सालीं खडकी येथें नगर उभारलें. तें पुढें फतेहनगर झालें, मग औरंगाबाद झालें, आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर. आपल्या धर्मप्रांताचें नांव आजहि औरंगाबादच आहे. नोंद शोधणारानें ज्या काळची वही त्या काळचें नांव धरावें. शाही मशिदीच्या व घड्याळाच्या मनोऱ्याच्या भोंवतालच्या ह्या बाजारांत पोटासाठीं चारी दिशांनीं माणसें आलीं. आपलीं कॅथोलिक कुटुंबें मुख्यतः दोन वाटांनीं आलीं. एक वाट खेड्यांतील मिशनची, ती वर सांगितली. दुसरी वाट छावणीची. हैदराबाद कंटिंजंट फौजेचें ठाणें येथें होतें, आणि अशा छावण्यांबरोबर गोव्याचे वाजंत्री, मद्रासेकडील नोकर, आयरिश शिपाई हे हिंदुस्थानभर फिरत. ज्यांच्या घरीं ‘आमचे आजोबा फौजेबरोबर आले’ अशी वदंता आहे त्यांनीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसच्या दफ्तराकडेहि पाहावें. तेथें बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें ह्यांच्या नकलांच्या तीन स्वतंत्र मालिका आहेत. कांहीं घरें आधीं प्रॉटेस्टंट मिशनांत होतीं. औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचें काम होतें, त्या सोसायटीचीं दफ्तरें बर्मिंगहॅमच्या विद्यापीठांत आहेत.

मूळ वही हरवली असेल तर निराश होण्यापूर्वीं एक गोष्ट करावी. १९१७ च्या कायद्यानें दर वर्षअखेर आत्म्यांच्या स्थितीची वही सोडून बाकी वह्यांची अस्सल नक्कल बिशपांच्या कचेरींत पाठविण्याचें बंधन होतें. आपला प्रदेश आधीं नागपूरच्या धर्मप्रांतांत होता, १९५५ पासून अमरावतीच्या, आणि १९७७ च्या डिसेंबरांत औरंगाबादचा धर्मप्रांत स्वतंत्र झाला. तेव्हां ज्या सालची नोंद हवी त्या सालीं आपण कोणाच्या अधिकाराखालीं होतों हें पाहून तेथें नम्रपणें विचारणा करावी.

आतां एका नाजूक प्रकरणाकडे येतों. ह्या वह्यांत जें सांपडतें तें सर्वांस रुचेल असें नाहीं. कोठें जात लिहिलेली असते, कोठें बापाची जागा कोरी असते, कोठें आपण ज्यांना सख्खे समजत होतों ते दत्तक निघतात. अलीकडे पुष्कळ जण वही पाहावयास येतात ते जातीच्या दाखल्यासाठीं. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस महाराष्ट्रांत इतर मागासवर्गांत धरतात व त्यासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा मागितला जातो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या यादींतून ख्रिस्ती माणूस वगळला गेला, हें दुःख आपल्यास नवें नाहीं. त्याच वेळीं कांहीं सुशिक्षित कुटुंबें तोच शब्द कोणाच्या दृष्टीस पडूं नये म्हणून धडपडतात. एकाच पानाकडे एक जण आशेनें पाहतो आणि दुसरा लाजेनें, असें हें विचित्र दृश्य आहे. आमचें मत विचाराल तर लाजेचें कारण त्या शब्दांत नसून ज्यांनीं तो शब्द माणसाच्या कपाळीं मारला त्यांच्या वागणुकींत आहे. ज्या पणजोबानें तो सहन केला त्याच्यापासून तोंड लपविण्याचें कारण नाहीं. परंतु दुसऱ्याच्या घराचें गुपित आपल्या शोधांत सांपडलें तर तें तेथेंच ठेवावें. वही धर्मगुरूंच्या परवानगीनेंच पाहावी, आणि जिवंत माणसांविषयींच्या नोंदी त्यांच्या संमतीवांचून उतरूं नयेत.

शेवटीं ह्या वह्यांच्या प्रकृतीविषयीं. जुनी शाई कागदास खाते, कसर व वाळवी बांधणीस खातात, आणि गळक्या छपराखालचें कपाट एका पावसाळ्यांत पन्नास वर्षें पुसून टाकतें. नॉर्वेंत १८१२ सालीं असा हुकूम निघाला कीं, चर्चच्या वहीच्या दोन प्रति असाव्यात, एक धर्मगुरूकडे व एक त्याच्या मदतनिसाकडे, आणि त्या दोन्ही एका छपराखालीं रात्रभर कधींहि राहूं नयेत. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळेंच तेथील नातवंडांस आज पूर्वज सांपडतात. आपल्याकडेहि हें काम आपणच केलें पाहिजे. बाहेरील एखादी संस्था येऊन फुकट छायाचित्रें काढून देईल ह्या आशेवर राहूं नये. लॅटर डे सेंट्स पंथाचे लोक जगभर असें काम करतात, परंतु ते मृतांच्या नांवें आपल्या पंथाचा बाप्तिस्मा करतात म्हणून २००८ सालीं रोमहून बिशपांस कळविण्यांत आलें कीं धर्मग्रामाच्या वह्या त्यांस देऊं नयेत. मग देणार कोण? ज्यांच्या हातीं मोबाईल आहे व ज्यांचे डोळे तरुण आहेत तीं आपलीं मुलें.

काम करतांना फ्लॅश लावूं नये, पान चपटें करण्यासाठीं बांधणी मोडूं नये, फाटलेल्या कडेस चिकटपट्टी लावूं नये. प्लॅस्टिकमध्यें तर पान कधींच चिकटवूं नये. तें पुढें सोडवितां येत नाहीं. प्रत्येक पान, कोरें असलें तरी, क्रमानें टिपावें, आणि समास अर्धवट कापूं नये. एक प्रत धर्मग्रामांत, एक धर्मप्रांताच्या कचेरींत, अशी व्यवस्था असावी. ज्यांच्या घरीं जुनीं बाप्तिस्म्याचीं वा विवाहाचीं प्रमाणपत्रें, प्रार्थनेच्या पुस्तकांत मागील पानावर लिहिलेलीं मुलांचीं नांवें, अगर मातीच्या क्रुसांवर उतरविलेल्या तारखा असतील त्यांनीं त्या घेऊन याव्यात. नक्कल करून कागद त्याच वेळीं परत दिले जातील. आणि जे म्हातारेकोतारे अद्याप आपल्यांत आहेत त्यांच्याजवळ बसून, पणजीचें माहेर कोणतें, धाकट्या काकाला घरांत काय म्हणत, कोणत्या सालीं गांव सोडलें, एवढें तरी पावसाळ्यापूर्वीं लिहून घ्यावें.